अडतिसाव्या वर्षी पुन्हा बाकावर



दर आठवड्यास या जागेवरून मी तुम्हांला काही ना काही सांगत असतो. मुलांना वेळेवर शाळेत घाला, ऋण काढून लग्ने साजरी करू नका, संध्याकाळची कुटुंबप्रार्थना चुकवू नका, असे माझे सांगणे असते आणि तुम्ही ते सोशिकपणे ऐकून घेता. ज्याला उपदेशाची सवय जडते त्याला स्वतःची चूक कबूल करण्याची सवय सहसा राहत नाही. आज ती उणीव भरून काढावी म्हणतो. मी एकीला सल्ला दिला होता. तो सल्ला चुकला, आणि का चुकला हे सांगितल्यास तुमच्यापैकी कोणा घराला त्याचा उपयोग होईल असे वाटते.

२०२२ सालच्या मे महिन्यात मी बुऱ्हाणपूरला माझ्या धाकट्या मावसबहिणीकडे गेलो होतो. मुंबईहून निघालेली रात्रीची गाडी भुसावळ सोडून तापीचा पूल ओलांडते तेव्हा उजाडू लागलेले असते. मग सावदा, निंभोरा, रावेर अशी स्टेशने मागे पडतात आणि रुळांच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागतात. रावेरनंतर महाराष्ट्र संपतो. पण बागा संपत नाहीत, आणि मराठीही संपत नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेले, निमाड मात्र मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे बुऱ्हाणपुरातील पुष्कळ घरांत आजही चुलीपाशी मराठी आणि कचेरीत हिंदी असा व्यवहार चालतो. पूर्वी हे शहर खांडव्याच्या जिल्ह्यात होते; १५ ऑगस्ट २००३ पासून बुऱ्हाणपूर हा वेगळा जिल्हा झाला.

माझी बहीण आमच्याकडची, म्हणजे वसईच्या बाजूची. बारावी मराठी माध्यमातून छप्पन टक्के गुणांनी उत्तीर्ण झाली, विसाव्या वर्षी लग्न झाले आणि रेल्वेत नोकरी करणाऱ्या नवऱ्याबरोबर बुऱ्हाणपुरास आली. तेव्हापासून अठरा वर्षे तिने घर सांभाळले. दोन मुले वाढवली, अंथरुणास खिळलेल्या सासऱ्यांची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. रविवारी मिस्सानंतर लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग ती घेई. संध्याकाळी शेजारपाजारची आठ-दहा मुले तिच्या ओसरीवर वह्या घेऊन बसत. त्यांत मुसलमान विणकरांची मुले होती, गुजरांची होती, एक भाजीवालीची मुलगी होती. कोणाकडून ती पैसा घेत नसे.

मी गेलो त्या दिवशी जेवणे आटोपल्यावर तिने कपाटातून एक जुनी पिशवी काढली. तिच्यात तिची बारावीची गुणपत्रिका होती. ती माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "दादा, प्राथमिक शिक्षकांची दोन वर्षांची पदविका असते, तिला नाव घालावे असे मनात आहे. तुम्ही काय म्हणता?"

मी काय म्हणालो ते आज लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. मी हिशेब मांडला. तुझे वय अडतीस, पदविका हाती येईल तेव्हा चाळीस. सरकारी नोकरभरतीला वयाची मर्यादा असते आणि भरती दर वर्षी निघत नाही. थोरला मुलगा पुढल्या वर्षी दहावीला आहे. दोन वर्षांची फी जाईल ती वेगळीच. शिवाय २०१८ सालापासून बी. एड. झालेल्यांनाही प्राथमिक शिक्षक होण्याची मुभा मिळाली आहे. त्या पदवीधरांच्या गर्दीत तुझी पदविका कोण विचारतो? तेव्हा मुलांकडे लक्ष दे, ओसरीवरचा वर्ग चालू ठेव, तेच पुण्याचे काम आहे.

सासूबाई शेजारीच तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "शिळ्या कढीला ऊत कशाला?" मला वाटले, घरातल्या वडीलधाऱ्यांचेही मत माझ्यासारखेच आहे, म्हणजे प्रश्न मिटला.

बहिणीने गुणपत्रिका पिशवीत घातली आणि एवढेच म्हणाली, "दादा, तुम्ही वय विचारलेत, फी विचारलीत, भरती विचारलीत. मला शिकवता येते की नाही, हे मात्र विचारले नाहीत."

मला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन आम्ही कुंडी भंडारा पाहावयास गेलो. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान बुऱ्हाणपूरचा सुभेदार असताना, शहराला पाणी पुरविण्यासाठी ही योजना झाली. सातपुड्याच्या उतारावर मुरणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा होते आणि केवळ उताराच्या जोरावर शहराकडे वाहत येते. वरून दिसतात त्या शंभराहून अधिक विहिरीसारख्या कुंड्या. आम्ही खाली उतरून पाहिले. निवळशंख पाणी शांतपणे वाहत होते. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांना पाणी निर्माण करावे लागले नव्हते; ते डोंगरात होतेच, त्याला वाट काढून द्यावयाची होती. परतीच्या वाटेवर माझ्या मनात आपल्या बहिणीच्या त्या पिशवीचा विचार घोळत राहिला. तरीही मी माझा सल्ला मागे घेतला नाही, आणि तसाच घरी परत आलो.

तिने मात्र नाव घातले. नवऱ्याने तिला साथ दिली. कोणीतरी नातेवाईक मध्येच एक सोपी वाट दाखवून गेला होता: थोडे अधिक पैसे टाकल्यास हजेरीची कटकट राहत नाही, नुसते परीक्षेला जाऊन बसावे. तिने त्याला सांगितले, "मला कागद नको आहे, काम शिकायचे आहे." वाचकहो, अशी वाट दाखवणारे गावोगावी भेटतात. या पदविकेचा राष्ट्रीय नियम स्पष्ट आहे: वर्गातील पाठांना शेकडा ८० आणि शाळेतील प्रत्यक्ष कामाला शेकडा ९० हजेरी हवी. दोन वर्षांत मिळून किमान वीस आठवडे खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर काढावे लागतात. पैसे देऊन ही हजेरी ज्याने विकत घेतली त्याने पुढे ज्यांना शिकवायचे त्या मुलांचीच वर्षे विकली, असे मी समजतो.

आता त्या हजेरीचा अर्थ संसारी बाईच्या बाबतीत काय होतो ते पाहा. एकोणीस वर्षांच्या मुलीला सकाळी उठून वर्गात जाऊन बसणे एवढेच करावयाचे असते. माझी बहीण चारला उठे. पाणी भरणे, डबे, सासूबाईंचे औषध, मुलांची तयारी, हे सारे उरकून ती दहाला वर्गात पोहोचे. वर्गातल्या मुली तिला प्रथम 'काकू' म्हणत, आणि ती आपल्यावर पाळत ठेवील म्हणून तिच्या बाकापासून दूर बसत. पहिल्या महिन्यात तिच्या थोरल्या मुलाने आपल्या मित्रांपासून ही गोष्ट लपवली. आई कोठे जाते असे कोणी विचारल्यास तो म्हणे, बाजारात.

सर्वांत कठीण ठरली ती भाषा. बोलण्यातली हिंदी तिला येत होती. परंतु पुस्तकातली हिंदी वेगळी. आपण मराठी माणसे समजतो की लिपी एकच, शब्दही बहुतेक तेच, मग अडचण कसली? अडचण त्या सारख्या दिसणाऱ्या शब्दांतच असते. आपल्याकडे 'शिक्षा' म्हणजे दंड. तेथे शिक्षा म्हणजे शिक्षण. आपल्याकडे 'अभ्यास' म्हणजे पुस्तक घेऊन बसणे. तेथे तो अर्थ 'पढाई'कडे जातो आणि अभ्यास म्हणजे सराव. आपल्याकडे 'चेष्टा' म्हणजे थट्टा, तेथे प्रयत्न. बालमानसशास्त्राच्या पुस्तकात 'बालक की चेष्टा' असे वाचून ती पहिल्यांदा बुचकळ्यात पडली, की मुलाने थट्टा केली तर त्यात अभ्यासण्यासारखे काय आहे?

२०२३ सालच्या उन्हाळ्यात पहिल्या वर्षाचा निकाल लागला. ती एका विषयात अनुत्तीर्ण झाली होती.

त्या संध्याकाळी तिचा मला दूरध्वनी आला. ती रडत नव्हती. तिने विचारले, "दादा, तुमचेच खरे होते का?" वाचकहो, त्या क्षणी मी 'हो' म्हटले असते तर ती पुढे गेली नसती, हे मला ठाऊक आहे. माझ्या जिभेवर तो शब्द आलाही होता. इतक्यात पलीकडून तिच्या मुलाचा आवाज ऐकू आला. जो आईला बाजारात पाठवीत असे, तोच म्हणत होता, "मामा, आईला सांगा, पूरक परीक्षा असते. आमच्या वर्गातल्या चौघांनी दिली आहे. हिंदी मी घेतो तिची." आणि खरोखरच त्याने ती घेतली. दहावीचा मुलगा रात्री आईला हिंदीत निबंध लिहावयास लावी आणि लाल शाईने तपासून देई. सासूबाई हे पाहत असत. एके दिवशी त्या काही न बोलता उठल्या आणि रात्रीची भांडी घासावयास बसल्या. तांदूळ निवडताना जे बोलल्या होत्या ते त्यांनी असे मागे घेतले. मला मात्र आज हा लेख लिहावा लागत आहे.

पूरक परीक्षेत ती उत्तीर्ण झाली. त्याच सुमारास, ११ ऑगस्ट २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की बी. एड. ही पदवी प्राथमिक वर्गांसाठी नाही. लहान मुलांना शिकवणे हे निराळे कौशल्य असून त्यासाठी प्राथमिक शिक्षणाची पदविकाच हवी. माझ्या हिशेबातला सर्वांत भक्कम आकडा असा एका दिवसात पुसला गेला. दुसऱ्याला नाउमेद करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे: आपण आजच्या कायद्यावरून हिशेब करतो, आणि तो ज्याला सांगतो त्याचे आयुष्य मात्र उद्यात जावयाचे असते.

दुसऱ्या वर्षी शाळेतील प्रत्यक्ष कामासाठी तिला खकनारच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी जावे लागले. वस्ती बहुतांशी कोरकूंची. पहिलीच्या वर्गात एक मुलगा होता, तो कधी तोंड उघडत नसे. नाव विचारले तरी खाली पाही. आधीच्या नोंदीत त्याच्यापुढे 'मंद' असा शेरा होता. बरोबरच्या तरुण मुलींनी तो शेरा वाचला आणि त्या पुढे गेल्या. माझी बहीण थबकली. तिने मला पुढे सांगितले, "दादा, तो मुलगा तसा का बसला आहे हे मला चटकन कळले. मीही वर्षभर तशीच बसले होते. त्याला डोके नाही असे नव्हते. त्याला हिंदी नव्हती."

ती मधल्या सुट्टीत त्या मुलाच्या आजीकडे गेली. आजीकडून तिने घरातल्या वस्तूंची कोरकू नावे शिकून घेतली आणि आपल्या वहीत देवनागरीत लिहून आणली. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात एक माठ ठेवला, त्याला कोरकूत काय म्हणतात ते चुकीच्या उच्चारात म्हटले, आणि मुलांकडे पाहिले. सारा वर्ग हसला. तो मुलगाही हसला, आणि त्याने तिचा उच्चार दुरुस्त केला. शाळेत तो बोललेला पहिला शब्द तोच.

मित्रहो, मला आजच्या लेखातून एकच गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती हीच. प्रौढ वयात जो पुन्हा बाकावर बसतो त्याची वर्षे वाया गेली, तो मागे पडला, असे आपण समजतो. वस्तुतः न समजणे म्हणजे काय, सर्वांदेखत चुकणे म्हणजे काय, हे त्याला नुकतेच नव्याने कळलेले असते. सहा वर्षांचे मूल शाळेत आल्यावर नेमके याच अवस्थेत असते. ज्याला सारे सहज येत गेले त्याला ही अवस्था आठवत नाही. आणि ज्याला ती आठवते तो मुलावर 'मंद' असा शेरा मारण्याची घाई करीत नाही. चाळिशीतल्या शिक्षिकेची ही शिदोरी कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

आपल्या परंपरेला ही गोष्ट नवीन नाही. लोयोलाचे संत इग्नाती सैनिक होते. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून त्यांचा पाय जायबंदी झाला. पुढे लोकांना उपयोगी पडावयाचे तर विद्या हवी असे ठरवून, १५२४ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, बार्सिलोनात ते लहान मुलांच्या शेजारी लॅटिनचे व्याकरण घोकावयास बसले. या शहरात मला भाकरी आणि पाणी मिळते आहे तोवर दोन वर्षे तुमचा एकही पाठ चुकवणार नाही, असे त्यांनी आपल्या गुरुजींना वचन दिले होते. पॅरिसच्या विद्यापीठाची पदवी हाती येईतो १५३५ साल उजाडले. ज्यांच्या संघाने पुढे जगभर शाळा काढल्या ते स्वतः चाळिशी ओलांडेपर्यंत विद्यार्थी होते.

आणि त्या कोरकू मुलाची गोष्ट ऐकल्यावर मला जॉन बाप्टिस्ट दे ला साल आठवले. १९५० साली पोप बारावे पायस यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. १६८५ च्या सुमारास फ्रान्समधील रेंस येथे खेड्यांतील शिक्षकांना तयार करण्यासाठी त्यांनी विद्यालय काढले. गरिबांच्या मुलांना प्रथम लॅटिन नव्हे, तर त्यांच्या कानावर पडणारी फ्रेंच वाचावयास शिकवावी, असा त्यांचा आग्रह होता. मुलाच्या घरच्या भाषेपासून आरंभ करावा, हेच २०२० सालचे आपले राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगते.

फार दूर जावयाचे नसेल तर डहाणूजवळचे कोसबाड पाहा. अनुताई वाघ तेराव्या वर्षी विवाहित झाल्या आणि सहा महिन्यांच्या आत विधवा. त्यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, दिवसा शाळेत शिकवून रात्रीच्या शाळेतून १९३७ साली मॅट्रिक केले. १९४५ साली ताराबाई मोडक यांच्याबरोबर त्या बोर्डीस गेल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांनी आयुष्य वेचले. काम करता करताच १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्या पदवीधर झाल्या. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एक्कावन्नाव्या वर्षी पदवी कशाला, असे सांगणारा त्यांनाही कोणी भेटला असेलच. त्यांनी त्याचे ऐकले नाही हे आपले भाग्य.

सरकारनेही हे पूर्वी ओळखले होते. दुर्गाबाई देशमुख यांच्या नेतृत्वाखालील केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५८ साली प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. शाळा अर्धवट सुटलेल्या गरजू स्त्रियांना थोड्या काळात परीक्षेस बसवून शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका होता यावे, हा त्यामागचा हेतू. आणि मध्य प्रदेशात १ जानेवारी १९९७ पासून शिक्षण हमी योजना आली. ज्या आदिवासी वस्तीत एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि शिकणारी पंचवीस मुले आहेत (इतरत्र चाळीस), तिने मागणी केल्यास नव्वद दिवसांत शिक्षक देण्याची हमी शासनाने घेतली. हा शिक्षक गावातलाच कोणीतरी असे. त्याला 'गुरुजी' म्हणत. शिकवावयास आधी लागला आणि शिकवावयास शिकला नंतर, असे कितीतरी गुरुजी या राज्यातील डोंगरांत झाले.

मात्र तो काळ आता गेला, हेही सांगितले पाहिजे. २०१० सालापासून शिक्षण हक्काचा कायदा अमलात आहे आणि प्रशिक्षणावाचून कोणाला शिक्षक होता येत नाही. सेवेत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांना शेवटची संधी म्हणून २०१७ ते २०१९ या काळात राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने अठरा महिन्यांचा दूरस्थ अभ्यासक्रम चालवला. दहा लाखांहून अधिक शिक्षक त्या वयात पुन्हा विद्यार्थी झाले. परंतु २०२३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती अठरा महिन्यांची पदविका दोन वर्षांच्या नियमित पदविकेच्या बरोबरीची नाही असे ठरवले. त्या वेळी सेवेत असलेल्यांना पुढे २०२४ च्या डिसेंबरात दिलासा मिळाला, तोवर अनेकांचे प्राण कंठाशी आले होते. धडा असा, की आडवाटेपेक्षा लांबची सरळ वाट बरी.

तुमच्या घरी कोणाच्या मनात हा विचार असेल तर काही गोष्टी आधी पाहून घ्या. बारावीला सर्वसाधारणपणे शेकडा ५० गुण लागतात; राखीव वर्गांना सवलत असते. ज्या महाविद्यालयात नाव घालावयाचे त्याला राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची मान्यता आहे काय, हे फी भरण्यापूर्वी पाहावे. कारकुनाच्या तोंडी शब्दावर भरवसा ठेवू नये. आपल्या राज्यातील भरतीची वयोमर्यादा काय आणि स्त्रियांना सवलत किती, हे ताज्या जाहिरातीवरून पडताळावे. पदविकेनंतर शिक्षक पात्रता परीक्षा असते: १५० गुण, अडीच तास, बालविकास, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या वर्गाला ९० गुण मिळवावे लागतात, आणि एकदा उत्तीर्ण झाल्यावर ते प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते. या परीक्षेतून सहसा सुटका नाही; १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती देण्यास सांगितले. म्हणजे पन्नाशीचे गुरुजीही पुन्हा अभ्यासास बसले! शिवाय नव्या धोरणाप्रमाणे २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी. एड. हीच किमान पात्रता करण्याचा मनोदय आहे. तेव्हा ज्यांना दोन वर्षांच्या वाटेने जावयाचे आहे त्यांनी फार काळ विचार करीत बसू नये.

आणि एक गोष्ट घरातल्या बाकीच्यांसाठी. संसारी बाई शिकावयास निघते तेव्हा परीक्षा एकटीची नसते. शेकडा ९० हजेरी तिने भरावयाची, तर उरलेले घर कोणी भरावयाचे? नवऱ्याने सकाळचा चहा ठेवला, मुलाने आपला डबा आपण भरला, सासूने एक वेळची भांडी उचलली, तर तिला रोजचे दोन तास मिळतात. फीपेक्षा या दोन तासांचीच वाण अधिक असते. कौतुकाचे चार शब्द बोलणे सोपे आहे. भांडी घासणे अधिक उपयोगाचे.

माझ्या बहिणीचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. २०२४ साली तिला पदविका मिळाली. पात्रता परीक्षेत पहिल्या खेपेस तिला ८६ गुण मिळाले. चार कमी पडले. अजून तिला सरकारी नोकरी लागलेली नाही, आणि लागेलच असे आश्वासन मी कोणत्या तोंडाने देऊ? पण ती पुन्हा बसणार आहे. मध्यंतरी एका लहानशा शाळेत पहिलीचा वर्ग तिच्याकडे आला आहे. पगार बेताचा आहे. वर्गात हिंदी, मराठी, उर्दू अशा घरांतून आलेली मुले आहेत. शाळा सुरू झाल्यावर पहिले आठ दिवस ती कोणालाही पाटीवर काही लिहावयास लावत नाही. प्रत्येकाकडून त्याच्या घरचे पाच शब्द शिकून घेते.

परवा तिला मी पत्र लिहिले. त्यात लिहिले, की चार वर्षांपूर्वी तू मला जे विचारले होतेस त्याचे उत्तर आज देतो: तुला शिकवता येते. ते मी तेव्हाच ओसरीवर बसून पाहावयास हवे होते. आठ-दहा मुले समोर बसली होतीच.

तिचे उत्तर आले. त्यात एकच ओळ कामाची होती: "दादा, पत्रात दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले आहे, पुढच्या खेपेस सुधारावे."

वाचकहो, आपल्या धर्मग्रामातही अशी पिशवी असेल. कोणाच्या पेटीच्या तळाशी, लग्नाच्या साडीखाली एखादी जुनी गुणपत्रिका असेल. आज जेवणे झाल्यावर तिची चौकशी करा. आणि ती बाहेर काढली गेली, तर वय आणि फी यांच्या आधी तो तिसरा प्रश्न विचारा.